आधी वरचं बूच

आमच्या घरात ‘पाने’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्हींवरून भांडणं झाली आहेत. मी म्हणते ती पुस्तकाची. पप्पा म्हणतात ते लोखंडाचे, सहा-सातपासून चोवीस-सत्तावीसपर्यंत, मापाप्रमाणे फडक्यात गुंडाळून ठेवलेले. पप्पांनी तीस वर्षं उद्यमबागेत फिटरची नोकरी केली. बारावीनंतर मी मराठी घेतलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “घे. पण त्यानं काय उघडतं ते मला एकदा सांग.” ते मला अजून नीट सांगता आलेलं नाही. पण गेल्या जानेवारीत त्यांच्या पान्यांनी काय उघडतं हे मात्र मला कळलं. तेच इथं लिहितेय.

आमच्याकडे २००६ सालची ओम्नी आहे. पांढरी, म्हणजे एके काळी पांढरी. मारुतीने ही गाडी १९८४ मध्ये ‘व्हॅन’ म्हणून आणली आणि २०१९ मध्ये बंद केली, पण बेळगावात अजून गल्लीआड एक दिसतेच. आमच्या ओम्नीने काय काय वाहिलं नाही? मम्मीची शिलाई मशीन, क्वायरचा हार्मोनियम, नाताळात करंजीचे डबे, दादाच्या क्रिकेटची अख्खी टीम. दर डिसेंबरला सेंट झेवियरच्या फेस्ताला ती चोर्ला घाट उतरून जुन्या गोव्याला जाते. मागच्या फेस्ताला घाटातच तिने आवाज धरला. ऍक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून ‘हूंऽऽ’ असा सूर, वेग वाढला की सूरही वर. मम्मीने पर्समधून रोझरी काढली. पप्पा मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिले आणि म्हणाले, “डिफ्रन्शियल.”

त्यात आणि जानेवारीच्या थंडीत सकाळी पहिला-दुसरा गिअर पडेना. दांडा जणू डिंकात रुतलेला. निदान सरळ होतं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, दोन्हीकडचं तेल बदलायला हवं. इंजिन ऑइलची सगळ्यांना आठवण असते. त्याला डिपस्टिक असते, डॅशबोर्डवर लाल दिवा असतो. या दोन तेलांना दिवा नाही. ती संपली, काळी पडली, तरी गाडी काही बोलत नाही. बोलते तेव्हा उशीर झालेला असतो. खरं तर दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये ही दोन्ही तेलं बदलून घेतल्याचं बिल आमच्याकडे होतं. त्या बिलाची गोष्ट पुढे येईलच.

अशी कामं पप्पा आणि दादा रविवारी मासनंतर करायचे. मी चहा नेऊन द्यायची. पण दादा आता मस्कतला आहे, आणि दीड वर्षापूर्वी पप्पांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय, गाडीखाली झोपायचं तर नावच नको. त्या गॅरेजला परत जायला पप्पा तयार नव्हते.

“मी जाते खाली,” मी म्हणाले.

“तू?”

“तुम्ही वरून सांगा, मी खालून करते.”

पप्पांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग मम्मीकडे. मम्मी म्हणाली, “बघूलालाय काय? शिकवा की तिला.”

आधी तेल आणायचं होतं. दुकानदाराने विचारलं पप्पांना, उत्तर दिलं मी, आणि तो पुन्हा पप्पांशीच बोलला. पण घरून निघताना मी गाडीचं मॅन्युअल वाचून काढलं होतं. ते इंग्रजीत आहे आणि गेली अठरा-एकोणीस वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच होतं. पप्पांसाठी सगळं ‘नव्वद नंबर’. मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सचा दर्जा वेगळा आणि मागच्या डिफरन्शियलचा वेगळा होता. एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५. मी विचारलं, असं का? पप्पांना जीएल हे अक्षर माहीत नव्हतं, पण कारण माहीत होतं. डिफरन्शियलमध्ये लहान पिनियन मोठ्या क्राउनच्या मधोमध बसत नाही, थोडा खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. तिथे साधं तेल चिरडून बाजूला होतं, म्हणून त्यात गंधकाचं औषध घातलेलं तेल लागतं. पण गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात, गिअर पडताना दोघांचा वेग जुळवून देणाऱ्या. ते जहाल औषध या कड्यांना सोसतंच असं नाही. म्हणून तिथे सौम्य तेल. मॅन्युअलने दोन अक्षरांत सांगितलं होतं ते पप्पांनी दुकानासमोर उभं राहून दहा मिनिटांत सांगितलं. मग दुकानदाराने दोन्ही प्रकारचे डबे माझ्या हातात दिले.

शनिवारी सकाळी आम्ही गाडी हिंडलग्यापर्यंत फिरवून आणली. तेल गरम असलं की पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडतं. आता गाडी उचलायची कशी? पप्पांचे नियम दोन. एक, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जायचं नाही. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. दुसरा, गाडी चारी बाजूंनी सपाट हवी. एकच टोक उचललं तर आतलं तेल एका बाजूला कलतं आणि पातळी खोटी दाखवतं. म्हणून त्यांनी सुताराकडून जाड फळ्यांचे चार थर लावलेले ठोकळे करून आणले होते, पायऱ्यांसारखे उतरते. मी गाडी हळूहळू त्यांवर चढवली. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, चारी चाकांना पुढून-मागून उटी लावली. पप्पांनी गाडी खांद्याने हलवून बघितली. हलली नाही. मग त्यांनी मम्मीची जुनी चटई अंथरली आणि स्वतः स्टूलवर बसले.

मी खाली सरकले. खालून गाडी कुणाचीच वाटत नाही. चिखल, गंज, लांबलचक फिरता दांडा आणि मागे भोपळ्याएवढा लोखंडी गोळा. डिफरन्शियल म्हणतात तो हाच. त्याला दोन बुचं. एक तळाशी, तेल सोडायचं. एक बाजूला मध्यावर, तेल भरायचं. तळाचं बूच अगदी माझ्या नाकासमोर होतं. मी त्याला पाना लावला.

“काय करूलालीस?” पप्पा ओरडले. खरंच ओरडले. आमच्या घरात आवाज चढत नाहीत, त्यामुळे माझं डोकं वर आपटलं.

“तेल सोडतेय.”

“आधी वरचं बूच. भरायचं. ते सुटतं काय बघ. मगच खालच्याला हात लाव.”

यात मोठं शास्त्र नाही. तळाचं बूच काढलं, सगळं तेल गेलं, आणि मग कळलं की भरायचं बूच गंजून बसलंय, तर गाडी जागीच अडकली. गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. कोरडे दाते काही किलोमीटरमध्ये एकमेकांना खाऊन टाकतात. एवढंच. पण पप्पांना ते पुस्तकातून आलेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. विशीत असताना ते एका शेठजीच्या गाडीवर हाताखाली काम करत होते. घाईत त्यांनी तळाचं बूच आधी काढलं. वरचं निघेना, त्याच्या कडा झिजून गोल झाल्या. संध्याकाळ झाली म्हणून ते उद्यावर टाकून घरी आले, आणि कुणाला सांगायचं राहिलं. सकाळी शेठजींच्या ड्रायव्हरने गाडी काढली. खानापूरही आलं नाही. त्या गोळ्याचे पैसे पप्पांच्या पगारातून आठ महिने कापले गेले. त्याच वर्षी माझ्या आत्याचं लग्न होतं. “तुझ्या आत्याच्या लग्नात मी नवीन शर्ट घातला नाही,” ते म्हणाले. एकवीस वर्षांत ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते.

गिअरबॉक्सचं वरचं बूच पहिल्या हिसक्यातच सुटलं. डिफरन्शियलचं सुटेना. त्यावर मातीचा असा दगडी थर होता की पाना बसायलाच जागा नव्हती. मी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं, ब्रशने घासलं. थराखाली कडा अगदी कोऱ्या. कित्येक वर्षांत तिथे पाना लागलेलाच नव्हता. मी ते पप्पांना सांगितलं. थोडा वेळ वरून काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “म्हणजे तेल बिलात बदललं, गाडीत नाही.” एवढंच. ते चिडतील असं मला वाटलं होतं. चिडण्याऐवजी त्यांनी रॉकेलची वाटी खाली सरकवली.

रॉकेल सोडायचं, थांबायचं, हातोडीने बुचाभोवती हलकेच ठोकायचं, पुन्हा थांबायचं. पान्याच्या दांड्यात जुना पाण्याचा पाईप घालून हात लांब केला. तासभर हेच. या थांबण्यात काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी विचारलं, हा गोळा नक्की करतो काय?

“फेस्ताचं प्रोसेशन आठवतं? दोन रांगा. चर्चच्या कोपऱ्यावर वळताना काय होतं?”

आठवतं. आतल्या रांगेतली मुलं जवळजवळ जागच्या जागी वळतात आणि बाहेरच्या रांगेला लगबगीने चालावं लागतं. मी लहानपणी कायम बाहेरच्या रांगेत असायची. मेणबत्ती विझायची.

“तसंच चाकांचं. वळताना बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी. दोघांना एकाच दांड्यात घट्ट बांधलं तर एक घसटत जाणार. हा गोळा दोघांना आपापल्या चालीनं चालू देतो, तरी गाडी एकच.”

मी नंतर शोधलं. १८२०च्या दशकात ओनेसिफोर पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी अशा दातेचक्रांची रचना पेटंट केली. मोटारगाडी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांना घड्याळजीचं फार कौतुक वाटलं. पण त्या दिवशी त्यांनी दोषही सांगितला होता. एक चाक चिखलात गेलं की ते रिकामं गरगर फिरतं, आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं नुसतं उभं राहतं. जिकडे अडवणूक कमी, तिकडेच सगळी धाव. म्हणून चिखलात पाय दाबायचा नाही, उतरून चाकाखाली दगड घालायचा.

त्यानंतरच्या थांबण्यात मी ते बोलले. गाडीखालून मला पप्पांच्या फक्त चपला दिसत होत्या, आणि त्यांना माझे पाय. चेहरा नाही, फक्त आवाज. कन्फेशनच्या जाळीपलीकडे असतो तसा. समोरासमोर दोन महिने जमलं नव्हतं ते तिथे जमलं.

“पप्पा, मी पुण्याला एम.ए.चा फॉर्म भरणार आहे.”

चपला हलल्या नाहीत.

“इथं होत नाही काय एम.ए.?”

“होतं.”

“मग?”

कारणं मी पाठ केली होती. ग्रंथालयं, प्राध्यापक, नेट-सेटची तयारी. त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही. मी म्हणाले, “मला एकदा बाहेर राहून बघायचंय.” आणि मग, जे बोलायचं नव्हतं तेही निघून गेलं, “दादा गेला तेव्हा तुम्ही काहीच विचारलं नाही.”

बराच वेळ काही नाही. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग पप्पा म्हणाले, “पाईप धर. आता लाव जोर. झटका नको, दाबत राहा.”

मी दाबत राहिले. कट्कन आवाज झाला. मला वाटलं पाना मोडला. पण बूच फिरलं होतं. पाव आटा, मग अर्धा. आतून कुजक्या अंड्याचा गंधकी वास आला, आणि मी इतकी खूश झाले की तो वास मला उदबत्तीसारखा वाटला.

मग तळाचं बूच काढलं. तेल काळं, थंडीतल्या काकवीसारखं. ट्रेमध्ये ते पडत असताना पप्पांनी जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खाली दिलं. “फिरव त्यात.” पिशवीवर करडा लेप चढला, मेंदीसारखा मऊ. पप्पांनी तो अंगठ्याने चोळून उन्हात धरला. चुरा बारीक असेल तर ती झीज, ती व्हायचीच. तुकडा लागला तर दाता गेला. तुकडा नव्हता. त्यांनी तीनदा चोळून बघितलं, मग म्हणाले, “वाचली.”

पुढचं काम सोपं होतं, म्हणजे सांगायला. तळाच्या बुचाला नवा वायसर घालून ते घट्ट केलं. नव्या तेलाचे डबे मम्मीने गरम पाण्याच्या बादलीत ठेवले होते, नाहीतर थंडीत ते नळीतून उतरायलाच तयार नसतं. पप्पा वर नरसाळं धरून ओतत होते, मी खाली नळीचं टोक भोकात धरून होते. किती भरायचं? त्याचं उत्तर त्या भोकातच असतं. ते बरोबर पातळीवर केलेलं आहे. तेल भोकाच्या काठावरून ओघळायला लागलं की झालं. “आलं काय?” “नाही.” “आलं काय?” “नाही.” “आता?” मग माझ्या मनगटावर मधासारखी एक धार आली. “आलं!”

गिअरबॉक्सलाही तसंच, त्याच्या वेगळ्या तेलाने. सगळं घट्ट करून मी बाहेर आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. केसांत माती, कोपर सोललेलं. मम्मीने रवा आणि साबण दिला, ग्रीस त्यानेच जातं. काळं तेल आम्ही रिकाम्या डब्यांत परत भरलं. पूर्वी लोक ते गटारात सोडायचे नाहीतर वाळवीसाठी लाकडाला फासायचे. पण ते जमिनीत आणि विहिरीत उतरतं, म्हणून पप्पा ते जुनं तेल गोळा करणाऱ्याकडेच देतात.

हात धूत असताना पप्पा शेजारी येऊन उभे राहिले. नळाकडे बघत म्हणाले, “पुण्यात राहणार कुठं, बघितलंस काय?”

“अजून नाही.”

“होस्टेल मिळतं काय, मेसला किती, स्कॉलरशिप आहे काय. ते आधी बघ. मग इथलं सोड.”

मी मान हलवली. त्यांनी परवानगी दिली की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं की त्यांनी मला दिवसभर जे शिकवलं तेच पुन्हा सांगितलं होतं. आणि हेही लक्षात आलं की दादा गेला तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, याचं त्यांना वाईट वाटत असावं.

संध्याकाळी आम्ही गाडी काढली. मिलिटरी महादेवच्या रस्त्याने, मग कॅम्पातून फातिमा कॅथेड्रलपर्यंत. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत होता. मागचा ‘हूंऽऽ’ पूर्ण गेला नाही, अर्धा राहिला. झीज झाली ती झालीच, नवं तेल गेलेलं लोखंड परत आणत नाही. पप्पा मान कलती करून ऐकत म्हणाले, “चालेल. अजून दहा फेस्तं जाईल.”

गाडीच्या कप्प्यात एक वही आहे. २००६ पासूनचं प्रत्येक काम तिच्यात लिहिलेलं. तारीख, किलोमीटर, काय केलं, आणि शेवटच्या रकान्यात कुणी केलं. त्या रकान्यात पप्पांचं नाव, मग काही वर्षं पप्पांचं आणि दादाचं, मग त्या गॅरेजचं. पप्पांनी वही माझ्याकडे दिली. “लिही. तुझं अक्षर बरं आहे.” मी लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात माझं नाव. पप्पांनी वाचलं, पेन घेतलं आणि खालच्या ओळीत स्वतःच्या हाताने दोन वर्षांनंतरची तारीख घातली. गिअर ऑइल, डिफ्रन्शियल ऑइल. ‘कुणी केलं’चा रकाना त्यांनी मोकळा ठेवला.

फॉर्म मी मार्चमध्ये भरला. त्याआधी होस्टेलला फोन केला, मेसचा दर विचारला, स्कॉलरशिपची तारीख लिहून घेतली. आणि परतीच्या गाड्यांच्या वेळाही.